सोबतचं चित्र

दिवाळीची चित्रं मी भाद्रपदात काढायचे.
खाली मांडवात ताशा तडतडायचा,
टेबलावरची दौत थरथरायची,
आणि शेजारी बापटांच्या फोनवर
नारायण पेठेतून रेठरेकर संपादक:
"पान एकशे बारा. कथा उकिडव्यांची.
दोन कॉलम मोकळे, उंची साडेतीन इंच.
बाई आहे, खिडकी आहे, एकटी राहते.
उदास ठेवा.
पण फार नको, दिवाळी आहे."

कथा कंपोझिटरकडे असायची.
मला मिळायचं ते एवढंच.
फूटपट्टी लावून दुःखाची चौकट आखायची,
आत क्रोक्विलनं बाई.

त्या रात्री बाई झाली, खिडकी झाली.
गज जरा वाकडे ठेवले,
सरळ गजांमागे माणूस पोस्टातला वाटतो.
तरी उजवीकडे खाली जागा उरली,
अंगठ्याएवढी.
रेठरेकरांना पांढरं सोसत नसे,
दिसलं की तिथे दंतमंजन छापत.

गेनू, प्रेसचा पोऱ्या,
चित्र बुधवारात ब्लॉकवाल्याकडे न्यायला आलेला,
भिंतीला टेकून झोपला होता.
दाराशी त्याच्या चपला.
मोठ्या भावाच्या असाव्यात, दोन बोटं मोठ्या.
डावीचा अंगठा तुटका, सेफ्टी पिन लावलेली.

मी त्या काढल्या.
पिनसुद्धा.

जस्तावर पिन बुजली, शाईचा ठिपका झाला.
माझी सही कटिंग मशीननं खाल्ली.
पाकिटात साडेबारा रुपये आले.

आणि मग पत्रं. मिरज, भुसावळ, बार्शी:
त्या चपला कुणाच्या?
एका बाईंनी तीन पानं लिहिली होती,
तो परत आला हे तुम्ही न सांगता सांगितलंत,
मी दोनदा रडले.

उकिडवे आले, सायकल हातात धरून,
लकडी पुलापासून पंक्चर.
बसायच्या आधीच म्हणाले,
"माझ्या कथेत कुणी येत नाही.
कुणी येत नाही, हीच कथा आहे."
मी म्हटलं, "जागा उरली होती."

यावर काय बोलणार.
चहावर साय धरली.
निघताना स्वतःच्या चपला घालायला वाकले
आणि लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ
तसेच राहिले.

तीन वर्षांनी, अप्पा बळवंत चौकात,
त्यांचा संग्रह. कापडी बांधणी.
संग्रहात चित्रं नसतात,
कथा तिथे आपापल्या राहतात.
उभ्यानंच शेवटचं पान काढलं.
बाई होती, खिडकी होती,
आणि खाली एक नवी ओळ,
आधी नव्हती, मी अंक जपून ठेवलाय:
दाराशी चपला होत्या.

अर्पण आईला.
आभार मुद्रितशोधकाचे, कागदवाल्याचे,
दौंडच्या मेव्हण्याचेही.
दुकानदार म्हणाला, घ्यायचंय की चाळायचंय?
घेतलं. पूर्ण किमतीला.

राग आला होता. लक्ष्मी रोडभर पुरला,
अलका टॉकीजच्या चौकात कुठेतरी सांडला.
मग मनात एवढंच राहिलं
की त्यांनी चपला नेल्या,
पिन नेली नाही.
त्यांना ती दिसलीच नव्हती,
त्यांच्या अंकात तो ठिपका होता.

गेनूचा आता धायरीला ऑफसेट आहे, चार रंगांचा.
परवा मुलीची पत्रिका घेऊन आला,
चकचकीत बूट दाराशी काढले.
विचारलं, आठवतात का रे त्या चपला?
नाही म्हणाला. डोकं खाजवलं,
खरंच नाही म्हणाला.

मग पत्रिकेचा कच्चा कागद
माझ्यासमोर सरळ करत,
मजकुराच्या खाली, उजवीकडे,
बोट ठेवून म्हणाला,
"ताई, इथे थोडी जागा उरलीय."